'ब्रेक' म्हणजे तोडणे?

मंडळी, यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी हलकंफुलकं द्या" असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी नेमका एका यादीवर लाल पेन घेऊन बसलो होतो. ही यादी जिझानमधल्या काही घरांत अजून फ्रिजवर लावलेली असेल. 'रोजच्या वापरातली १०० इंग्रजी क्रियापदे, मराठी अर्थासह.' चार रकाने. पहिल्या तिनांत क्रियापदाची तीन रूपं आणि चौथ्यात मराठी अर्थ, तोही एकाच शब्दात. आपल्या शुक्रवारच्या मराठी वर्गासाठी तीन वर्षांपूर्वी ती कुणीतरी एका संध्याकाळी एक्सेलमध्ये करून दिली होती. तो कुणीतरी म्हणजे मीच. तेव्हा आज परीक्षण करायचं आहे ते माझ्याच यादीचं, आणि ज्या पुस्तकांच्या वळणावर ती गेली त्या पुस्तकांचंही. हलकंफुलकं होईलच याची हमी देत नाही!

आमच्या वर्गात दोन प्रकारची मुलं येतात. एक माझ्या मुलीसारखी. जन्म परदेशातला, शाळा इंग्रजी, घरी मराठी, पण ती "बाबा, बोअर होतंय" या वळणाची. दुसरा प्रकार अलीकडे वाढला आहे. गेल्या वर्षी बीडहून एक कुटुंब आलं, त्यांचा मुलगा सातवीत आहे. सहावीपर्यंत मराठी शाळेत होता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, त्यामुळे आमच्यासारखी पाचवीत एबीसीडीची ओळख त्याच्या वाट्याला आलेली नाही. तरी इथल्या शाळेत सगळेच विषय एकदम इंग्रजीत, तेव्हा बिचारा गांगरलेला. त्याच्या वडिलांनी आमची यादी त्याच्या हातात दिली आणि पठ्ठ्याने ती आठवड्यात पाठ केली. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन, तोडणे. टेक, टुक, टेकन, घेणे. कुठूनही विचारा.

एका शुक्रवारी वर्ग आमच्या घरी होता. जिझानला राहणाऱ्यांना सांगायला नको की इथे मोगऱ्याचं वेड आपल्यापेक्षा कमी नाही. 'फुल' म्हणतात त्याला, लग्नकार्यात त्याचे गजरे आणि हार असतात. आमच्या दारातही एक कुंडी आहे. माझी मुलगी कळ्या काढत होती, तर हा मुलगा घाईघाईने म्हणाला, "डोंट ब्रेक द फ्लॉवर!" ती वैतागली. "आय ॲम नॉट ब्रेकिंग, आय ॲम पिकिंग!" त्याचा चेहरा पडला. पाठ केलेल्या यादीत तर 'ब्रेक म्हणजे तोडणे' असंच होतं, आणि फूल तोडतातच की! मग सगळे आत सरबताला आले. मुलीच्या हातून ग्लास निसटला आणि ती ओरडली, "आई, ग्लास तुटला!" आता हसायची पाळी त्याची होती. "तुटला नाही गं, फुटला!"

सगळे हसले. मी मात्र त्या फ्रिजवरच्या यादीकडे बघत राहिलो. दोघांच्या चुका उलट्या दिशेच्या, पण मूळ एकच, ओळ क्रमांक ११. माझ्या एका ओळीने मराठी मुलाचं इंग्रजी चुकवलं आणि इंग्रजी मुलीला मराठी शिकवलं नाही!

आता या 'ब्रेक'कडेच जरा बघा. मराठीत कोणतं क्रियापद यायचं ते वस्तूवर ठरतं. ठिसूळ असेल ते फुटतं: कप, काच, अंडं. लांब, दोरीसारखं असेल ते तुटतं: धागा, साखळी, चपलेचा अंगठा. ताठ असेल ते मोडतं: काठी, खुर्ची, हाड. इंग्रजी या तिन्हींना 'ब्रेक' म्हणून मोकळी होते. बरं, हे फक्त वस्तूंचं झालं. नियम मोडतो, लग्न मोडतं, झोप मोडते, विक्रम मोडतो. उपवास मात्र सुटतो (सकाळच्या 'ब्रेकफास्ट'मध्ये हाच उपवास दडलेला आहे). पहाटे तांबडं फुटतं. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो. आणि शुभकार्यात नारळ फोडत नाहीत, 'वाढवतात'. हातातली बांगडी फुटली तरी जुन्या बायका 'वाढवली' म्हणायच्या. इतकं सगळं त्या एका 'ब्रेक'मध्ये. उलट बाजूने बघितलं तर आपलं 'तोडणे' घेऊन इंग्रजीत जाणाऱ्याला फुलापाशी 'पिक' लागतं, लाकडापाशी 'चॉप' लागतं, आणि अकलेचे तारे तोडायला तर इंग्रजीत क्रियापदच नाही!

शिवाय आणखी एक खोच आहे. मराठीत कप आपोआप फुटतो आणि मी तो फोडतो. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, अशा जोड्या आपल्याकडे आहेत, आणि घडलेलं व केलेलं यांतला फरक आपण क्रियापदातच सांगून टाकतो. इंग्रजीत 'द कप ब्रोक' आणि 'आय ब्रोक द कप', क्रियापद तेच. त्यामुळे मराठीतून आलेल्या मुलाला 'द कप ब्रोक' हे वाक्य अर्धवट वाटतं आणि तो 'वॉज' घालून ते 'दुरुस्त' करतो. किल्लीची गंमत तर त्याहून मोठी. आपण म्हणतो, "माझी किल्ली हरवली." म्हणजे हरवायचं काम किल्लीने केलं, आपण बाजूला! इंग्रज म्हणतो, "आय लॉस्ट माय की." दोष सरळ स्वतःच्या डोक्यावर. एका रकान्यात 'लूज म्हणजे हरवणे' लिहून हे कुठे दिसणार?

यादीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पहिल्या तीन रकान्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गो-वेंट-गॉन हे घोकण्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजीत अशी वाकडी क्रियापदं सुमारे २०० आहेत आणि नेमकी सगळ्यांत जास्त वापरातली त्यांतच आहेत. ते योग्यच, कारण जे रोज तोंडात असतं तेच जुनं रूप टिकवून धरतं. एके काळी 'हेल्प'चंही भूतकाळी रूप वाकडंच होतं, ते सरळ झालं. आपल्याकडेही तसंच आहे. जाणे-गेला, येणे-आला, करणे-केलं, मरणे-मेला. आमची मुलगी लहानपणी "मी होमवर्क करलं" म्हणायची तेव्हा ती इंग्रज मुलांच्या 'गोड'सारखीच अगदी तर्कशुद्ध चूक करत होती. तेव्हा तीन रकाने खुशाल घोका. गडबड चौथ्या रकान्याची आहे.

चौथ्या रकान्याने माझं स्वतःचं काय केलं तेही सांगतो, म्हणजे हा केवळ मुलांच्या अभ्यासाचा विषय नाही हे लक्षात येईल.

मी कऱ्हाडचा, मराठी माध्यमातला. बारावीनंतर अभियांत्रिकी, मग इंग्लंडात एमएस्सी. पदवी मिळाली, पण इंग्रजी क्रियापदांनी तिथे मला बरंच हसं करून दिलं. रात्री प्रयोगशाळेतून निघताना वर्गातल्या एका मुलीला मी सौजन्याने म्हणालो, "आय विल लीव्ह यू ॲट युअर हाउस." मनात स्वच्छ मराठी होतं: तुला घरी सोडतो. ती म्हणाली, "मला सोडायला आपण एकत्र कधी होतो?" ते 'ड्रॉप' म्हणायचं असतं हे त्या दिवशी कळलं. असो. हसण्यावारी गेलं.

जिझानचं हसण्यावारी गेलं नाही. इथल्या एका प्रकल्पात आम्ही गोदामाची जुनी संगणकप्रणाली बंद करून नवी चालू करणार होतो. गुरुवारी रात्री जुना सर्व्हर बंद, शुक्रवार-शनिवार सुट्टीत माहिती हलवायची, रविवारी सकाळी नवीन चालू. योजना मी लिहिली. त्यात एक वाक्य होतं: 'वी विल पुट ऑफ द ओल्ड सर्व्हर, थर्सडे टेन पीएम.' दिवा 'पुट ऑन' करतात म्हणजे बंद करताना 'पुट ऑफ', इतका साधा हिशेब. गोदामाकडून येणाऱ्या नोंदी थांबवायचं काम एका आयरिश अभियंत्याकडे होतं. त्याने ते वाचलं आणि अर्थ लावला, काम पुढे ढकललं. दहा वाजता नवी तारीख कळवणार असतील. तो शुक्रवारी सकाळच्या बोटीने फरसान बेटांवर मासेमारीला निघून गेला! मी माझ्या बाजूने माहिती हलवली, पण त्याच्या बाजूने नोंदी जुन्या सर्व्हरवर येतच राहिल्या. रविवारी दोन ठिकाणी दोन वेगळे हिशेब. तीन रात्री बसून आम्ही ओळ न् ओळ ताडून बघितली. पुढच्या टप्प्याच्या माणसांच्या यादीत माझं नाव नव्हतं. कुणी काही बोललं नाही, पण मला समजायचं ते समजलं.

पुढे शब्दकोशात बघितलं तर गंमत अशी की 'पुट ऑफ'चा दिवा बंद करणे हा अर्थही तिथे आहे. ब्रिटिश माणूस घरातल्या दिव्यासाठी तसं म्हणतोही. पण वाक्यात तारीख आली, वेळ आली, काम आलं की 'पुट ऑफ'चा पुढे ढकलणे हाच अर्थ आधी डोक्यात येतो. म्हणजे मला अर्थ माहीत नव्हता असं नाही. त्या अर्थाला कोणती सोबत लागते ते माहीत नव्हतं. माझ्या यादीचा आणि माझा दोष हा एकच.

आता पुस्तकांकडे येतो.

आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तीन भाग. महाराष्ट्रातल्या किती पिढ्या या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या याची गणती नाही. आमच्या पिढीने तिची चेष्टाच जास्त केली. एखाद्याचं इंग्रजी पुस्तकी वाटलं की 'तर्खडकरी' म्हणायचं. कामावरच्या त्या फजितीनंतर कऱ्हाडला गेलो असताना मी ते तिन्ही भाग घेऊन आलो आणि पहिल्यांदा नीट वाचले. आणि माझं मत बदललं.

पाठमालेची रीत अशी की थोडे शब्द द्यायचे, एक नियम सांगायचा आणि मग वाक्यांचा मारा. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. त्यात क्रियापद एकटं कधी भेटत नाही. कोण करतो, कशाला करतो, कधी करतो, हे सगळं बिऱ्हाड घेऊनच ते येतं. शिवाय दोन्ही बाजूंनी जावं लागतं. जाताना जो पूल बरोबर वाटला तो परतताना कोसळतो, आणि तेव्हाच कळतं की 'तोडणे' आणि 'ब्रेक' यांची मापं एक नाहीत. आजच्या 'इंग्रजीतूनच विचार करा' म्हणणाऱ्यांना ही रीत मागासलेली वाटते. मला वाटत नाही. शिकणारा मराठी आहे, त्याच्या डोक्यात आधीच एक भाषा आहे, हे या पाठमालेने मान्य केलं, आणि ते मान्य करणारं पुस्तक दुर्मीळ आहे.

दोषही सांगतो. धड्याच्या सुरुवातीची शब्दांची यादी शेवटी यादीच आहे, एकास एक. माझ्या एक्सेलची ती पणजी म्हणायला हरकत नाही. वाक्यं जुनाट आहेत हा दोष मी धरत नाही, काळाप्रमाणे ते होणारच. पण ती वाक्यं नियमासाठी बेतलेली आहेत, कुणी कुणाला म्हणावीत म्हणून नाही. तर्खडकर करून माणूस बिनचूक लिहायला शिकतो. गोदामातल्या आयरिश माणसाला आपलं वाक्य कसं ऐकू येईल हे त्यातून कळत नाही.

दुसरं पुस्तक हॉर्नबींचा कोश, ज्याला आपण नुसतं 'ऑक्सफर्ड डिक्शनरी' म्हणतो आणि ज्याचा बहुतेक घरांत उपयोग स्पेलिंग बघण्यापुरता होतो. हा कोश इंग्लंडात जन्मला नाही हे मला फार उशिरा कळलं. ए. एस. हॉर्नबी १९२४ पासून जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. जपानी विद्यार्थी कुठे अडखळतात ते बघत दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हा कोश रचला आणि तो १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, तोक्योत प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये छापला. परक्या मुलांच्या चुकांमधून निघालेला कोश म्हणून त्यात क्रियापदांना विशेष मान आहे. हॉर्नबींनी क्रियापदांचे २५ साचे ठरवले. म्हणजे या क्रियापदानंतर काय येऊ शकतं आणि काय नाही.

आपल्या लोकांना याची किती गरज आहे बघा. "एक्सप्लेन मी धिस" आपण सगळे म्हणतो, कारण 'मला समजावून सांग' यातलं 'मला' गप्प बसत नाही. 'टेल मी' चालतं, 'गिव्ह मी' चालतं, मग 'एक्सप्लेन मी'ने काय पाप केलं? काही नाही, त्याचा साचा वेगळा आहे, त्याला 'टू' लागतो. 'डिस्कस अबाउट' हे आपल्या 'विषयी चर्चा'तलं 'विषयी' आहे. 'मॅरीड विथ' हे 'तिच्याशी लग्न'मधलं 'शी' आहे. आपल्या विभक्ती बेमालूम वेष बदलून इंग्रजी वाक्यात शिरतात आणि आपल्याला त्या ओळखू येत नाहीत. चौथ्या रकान्यात यांचं नावही नाही. हॉर्नबींकडे आहे.

पण हॉर्नबींचं दुर्दैव असं की हे सगळं सांकेतिक अक्षरांत आणि आकड्यांत होतं. १९७४ च्या आवृत्तीत क्रियापदापुढे 'व्हीपी ६ ए' असं काहीतरी असे. मी संगणकवाला, मला संकेतांचं वावडं नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलाने ते उलगडावं ही अपेक्षा जास्तच झाली. पुढच्या आवृत्त्यांत ते सोपं केलं गेलं. त्यापेक्षा मला १९८७ चा कॉलिन्सचा 'कोबिल्ड' कोश आवडतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तो झाला. त्यात अर्थ तुटक शब्दांत नसून पूर्ण वाक्यात असतो: तुम्ही अमुक वस्तूचं असं केलंत की तमुक होतं, या थाटात. अर्थ आणि साचा एकाच वाक्यात, संकेत पाठ करायची भानगड नाही. तरी हे सगळे कोश इंग्रजीतून इंग्रजीत. बीडच्या मुलाला पहिलं वर्षभर तरी त्यांचा उपयोग शून्य.

रॅपिडेक्सबद्दल दोन वाक्यं. कपिल देवच्या जाहिरातीमुळे आमच्या पिढीतल्या निम्म्या घरांत ते पुस्तक होतं आणि ६० दिवसांचं आश्वासन होतं. तयार वाक्यं मिळतात, दुकानात आणि स्टेशनवर ती उपयोगी पडतात, पण वाक्य जरा हललं की माणूस पुन्हा यादीवर येतो. मोबाइलचंही मला तसंच वाटतं. आजचं यंत्र पूर्ण वाक्य दिलं तर फारच चांगलं भाषांतर करतं, माझ्या मेलही ते सुधारतं. पण त्याने 'पिक' का दिलं आणि 'ब्रेक' का दिलं नाही, हे मुलगा विचारत नाही आणि म्हणून त्याला कळत नाही.

मग हवं कसलं पुस्तक? ते पुस्तक मला अजून मिळालेलं नाही, पण ते कसं असावं याची कल्पना एका मराठी कोशाने दिली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संग्रहामुळे तो आज संगणकावर सहज बघता येतो. त्यात 'लागणे' काढून बघा. कंपनीच्या सैन्यातला हा गोरा अधिकारी, शास्त्रीपंडितांना बरोबर घेऊन बसलेला, आणि आपल्या 'लागणे'ने त्याला केवढं दमवलं आहे! आपल्याला कधी जाणवत नाही, पण भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, बस लागते (फलाटालाही आणि पोटालाही), पैसे लागतात, वेड लागतं, दिवा लागतो, रांग लागते, तो माझा मामा लागतो, आणि ती रडायला लागते. परक्या माणसाला 'लागणे म्हणजे टच' असं सांगितलं तर तो आयुष्यातून उठेल.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या 'रन'चे ६४५ अर्थ भरल्याची बातमी २०११ मध्ये आली होती, तेव्हा कचेरीत सगळे इंग्रजीच्या नावाने बोटं मोडत होते. (बोटं 'मोडतात', बरं का!) मला वाटतं, ज्याला 'लागणे' लहानपणीच आलं आहे त्याने 'रन'ला घाबरायचं कारण नाही. एकाच क्रियापदाला सोबत बदलली की अर्थ बदलतो, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. आपल्या पुस्तकांनी ते त्याला सांगितलं नाही, एवढंच.

सगळ्यांत भीती वाटते ती त्या 'पुट ऑफ, पुट अप, पुट आउट' प्रकाराची. शेपटीला एक शब्द लागतो आणि अर्थ कुठल्या कुठे. पण मंडळी, हे आपणही करतो, फक्त आपण दुसरं क्रियापद जोडतो. 'जेवून घे' म्हणजे आटप, पुढे काम आहे. 'जेवून टाक' म्हणजे एकदाचं उरक. 'बोलून गेला' म्हणजे नकळत. 'बोलून बसला' म्हणजे आता पस्तावतोय. 'बोलून दाखवलं' म्हणजे मनातलं बाहेर काढलं. 'सांगून ठेव', 'सांगून टाक', 'सांगून बघ', तीन वेगळे सल्ले. इथे 'टाक'चा फेकण्याशी आणि 'बस'चा खुर्चीशी काय संबंध उरला? तसाच 'ईट अप'मधल्या 'अप'चा वर जाण्याशी नाही. 'खाऊन टाक' आणि 'ईट अप' शेजारी ठेवले की बीडच्या मुलाचे डोळे लकाकले, ते मी बघितलं आहे. तंतोतंत जुळत नाही, पण ही कोणत्या जातीची गोष्ट आहे ते कळतं.

आमच्या कचेरीत तर याचा रोज सोहळा असतो. इजिप्तचा सहकारी आणि फिलिपिनो सहकारी दोघंही "क्लोज द लाइट" म्हणतात. मी 'लाइट लाव, पंखा लाव, टीव्ही लाव, गाणं लाव' अशा एकाच 'लाव'वर वाढलेला. इंग्रजांच्या बाजूने उभं राहायला खोलीत कुणीच नाही! तो इजिप्तचा मित्र त्याच्या अरबीत सिगारेट 'पितो', आपण 'ओढतो', इंग्रजीत तिचा नुसता धूर होतो. कुणाचंच चूक नाही. जो तो आपापल्या घरातलं क्रियापद खिशात घालून कामावर येतो.

आता माझ्या मुलीचा प्रश्न उरतो, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. बीडच्या मुलाकडे 'फुटणे-तुटणे-मोडणे' आहे, त्याला फक्त पूल हवा. तिच्याकडे 'ब्रेक' आहे आणि पलीकडचा काठच ओसाड आहे. ती फोटो 'घेते', मजा 'करते', तिकीट 'घेते'. तिकीट 'काढतात', फोटो 'काढतात', आठवण 'काढतात', दिवस 'काढतात', हे तिने ऐकलंय कधी? ऐकवणारे आम्हीच, आणि आम्हीच "फोटो घे गं" म्हणू लागलो आहोत. इंग्रजी क्रियापद मराठीत आणायचं तर त्याला 'करणे' जोडावं लागतं: सेव्ह करणे, पार्क करणे, मिस करणे. घरात आता 'करणे' सोडून दुसरं क्रियापद ऐकू येईनासं झालं आहे. एका संध्याकाळी मोजलं, जेवणाच्या टेबलावर बायकोने आणि मी मिळून 'करणे' किती वेळा वापरलं ते. आकडा छापत नाही, बायकोही ही स्मरणिका वाचते.

लाल पेनाचं काम सध्या असं चाललं आहे. चौथा रकाना काढून टाकला. शंभरऐवजी वीसच क्रियापदं ठेवली, आणि प्रत्येकाला एक पान. पानाच्या मधोमध क्रियापद, डाव्या बाजूला त्याच्या सोबतीने येणाऱ्या वस्तू मराठी वाक्यांत, उजवीकडे त्याच वस्तू इंग्रजी वाक्यांत, आणि कोण कुठे जातं त्या रेघा मुलांनी मारायच्या. 'ब्रेक'चं पान झालं. त्या दोघांना एकत्र बसवलं होतं. कप, धागा, काठी, नियम, उपवास, फूल. तो तिला मराठी सांगत होता, ती त्याला इंग्रजी. 'नारळ वाढवणे'पाशी दोघंही अडले. "पण फुटतो तर तो, वाढतो कुठे?" असं तिने विचारलं, तेव्हा घरात फुटणं हा शब्द शुभ दिवशी नको म्हणून तसं म्हणतात, हे माझ्या बायकोने सांगितलं. 'टेक' आणि 'पुट' अजून बाकी आहेत. 'पुट'चं पान मी मुद्दाम स्वतःकडे ठेवलं आहे.

ज्यांच्या फ्रिजवर जुनी यादी असेल त्यांनी ती काढून टाकावी, निदान चौथा रकाना कात्रीने कापावा. आणि एक विनंती. माझ्याकडच्या तर्खडकरांच्या दुसऱ्या भागाची मधली काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. सुट्टीत पुण्याला जाणारं कुणी असेल आणि अप्पा बळवंत चौकात चक्कर होणार असेल, तर एक प्रत आणावी. पैसे लागतील तेवढे देईन.